मागच्या सीटचं वजन

गाडीत पेट्रोल किती आहे हे मला आयुष्यात कधी कळलं नाही आणि त्यामुळे माझं काही अडलंही नाही. माझ्या जुन्या मोटरसायकलच्या पेट्रोलच्या काट्याने फार पूर्वीच मान टाकली होती. सकाळी निघताना मी गाडी दोन्ही हातांनी हलवायचो, टाकीला कान लावायचो आणि आत काही डुचमळलं की म्हणायचो, "आहे." नाही डुचमळलं तर म्हणायचो, "असेल." वाटेत गाडीने आचके दिलेच, तर खाली हात घालून नॉब रिझर्व्हवर फिरवायचा आणि पुढचा पंप येईपर्यंत परत आपल्या तंद्रीत जायचं. मला तंद्री लागते. हा दोष आहे असं लोक म्हणतात. मी म्हणतो, ज्याला सकाळी नदीवरच्या लांब पुलावरून जायचं असतं आणि तरीही ज्याला तंद्री लागत नाही, त्याने आपली प्रकृती दाखवून घ्यावी.

मी शहराच्या बससेवेत, वेळापत्रक विभागात आहे. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता यावी हे मी ठरवतो. ती किती वाजता येते हे ड्रायव्हर ठरवतो. मी स्वतः बसने जात नाही, यावरून काय तो अर्थ काढावा. सकाळी मी आणि बायको गाडीवरून एकत्र निघायचो. पूल ओलांडला की डावीकडे बरंच आत वळून डोळ्यांचा दवाखाना आहे, तिथे ती काउंटरवर बसते. तिला सोडायचं, परत मुख्य रस्त्याला लागायचं आणि मग माझं ऑफिस. संध्याकाळी हेच उलटं. लग्न झाल्यापासून हे असं चाललं होतं आणि असंच चालणार, असं मी गृहीत धरलं होतं.

मोडता घातला तो आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी. सेक्रेटरी म्हणजे देहाने भरभक्कम आणि तत्त्वाने त्याहून. एकदा जिन्यात गाठून म्हणाले, "तुमची गाडी सुरू झाली की अख्खी इमारत उठून बसते. काही लोकांना सकाळी झोप प्रिय असते."

घरी येऊन मी हा अपमान बायकोला सांगितला. ती कपडे घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "मग बिनआवाजाची घ्या ना. इलेक्ट्रिक." हे तिने इतक्या चटकन सुचवलं की बरेच दिवस तिच्या मनात घोळत असावं. पण मी त्या वेळी सेक्रेटरींना द्यायला हवं होतं ते उत्तर मनातल्या मनात देत होतो, त्यामुळे माझं लक्ष गेलं नाही.

जुनी गाडी मेकॅनिककडे दिली. त्याने तिच्या सीटवरून हात फिरवला आणि माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "साहेब, पेट्रोल संपलं तर बाटलीतून आणता येतं. करंट कशातून आणणार?" मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "मी ही एवढ्यात विकत नाही," तो म्हणाला, "कोपऱ्यात ठेवतो. तुम्ही याल परत."

नवी गाडी आली आणि पहिल्याच दिवशी कळलं की ती चालवायची तर आधी तिला खाऊ घालायला हवं. पार्किंगमध्ये एकच सॉकेट होतं, पाण्याच्या पंपाचं. सेक्रेटरी म्हणाले, "पंप कोणाचा? सगळ्यांचा. गाडी कोणाची? तुमची." मी म्हटलं, वेगळा मीटर बसवा, बिल मी भरतो. त्यावर सभा बोलावली गेली. सभेत एकाने विचारलं, हिचा स्फोट होतो का. दुसऱ्याने विचारलं, चार्जिंग चालू असताना लिफ्ट मंदावेल का. एका आजींनी विचारलं, ही एवढी गप्प गाडी मागून आली तर आम्हाला कळणार कसं. मी म्हटलं, आजी, आवाज करत होती तेव्हाही तक्रार होती. शेवटी माझ्या अर्जाला तत्त्वतः मान्यता मिळाली. आता तत्त्वाला तीन भोकं नसतात, ती सॉकेटला असतात, हे मी कोणाला सांगणार?

म्हणून मग तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी खाली वायर सोडली. ती दुसऱ्या मजल्यावरच्या मेगावॉटांच्या गॅलरीसमोरून जायची. मेगावॉट म्हणजे वीज कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या घरचेही वापरत नाहीत. वायर सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिच्यावर त्यांचे दोन बनियन वाळत होते.

"चांगली जाड वायर आणलीत," ते गॅलरीतून म्हणाले. "पण किंचित तापते हां. बनियन लवकर वाळतात."

हे सगळं खरं असलं तरी पहिल्या काही सकाळींबद्दल मी खोटं बोलणार नाही. त्या सकाळी फार सुंदर होत्या. गाडी सुरू झालीय की नाही हेच कळायचं नाही. फाटकाबाहेर पडलो की रस्ताच आपल्या खालून सरकतोय असं वाटायचं. पुलावर नदीचा ओलसर वास यायचा, एखादा पक्षी कठड्यावरून उडायचा आणि त्याच्या पंखांची फडफड ऐकू यायची. असाच तरंगत असताना मला मागून कोणीतरी म्हणालं, "त्या पिवळ्या घरात आता कोणी राहत नाही वाटतं."

मी दचकलो. बायको होती. म्हणजे ती होती हे मला माहीत होतं, पण ती बोलते हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं कानामागे जे काही उबदार गुणगुणायचं, ते मी वारं समजत होतो.

"कुठलं पिवळं घर?" मी विचारलं.

ती माझ्या खांद्यावरून पुढे वाकली. मग ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू आलं?"

त्यानंतर ती बोलू लागली. दवाखान्यात एक म्हातारे येतात, त्यांना तपासणीच्या फळ्यावरची अक्षरं पाठ आहेत, डॉक्टरांनी फळा बदलला तरी ते जुनीच म्हणून दाखवतात. एक बाई चष्मा नको म्हणून दरवेळी नंबर लपवतात. मी हसायचो, काहीबाही विचारायचो. त्या तीन-चार सकाळी आम्ही दवाखान्याशी कधी पोचलो ते मला कळलंच नाही.

आणि मग माझं लक्ष टक्क्यांकडे गेलं.

या गाडीला काटा नाही, आकडा आहे. हँडलच्या मधोमध, हिरवा. घरून निघताना शंभर, फाटकाशी नव्याण्णव, चौकात सत्त्याण्णव. जो माणूस जन्मभर 'आहे' आणि 'असेल' यांवर जगला, त्याच्या नाकासमोर कोणी त्याच्या संपण्याचा हिशेब धरून बसलं तर त्याचं काय होईल? माझं तेच झालं. एका चार्जमध्ये शंभर किलोमीटर असं कंपनीने छापलं होतं. मेगावॉटांच्या मते ते एखाद्या सडपातळ माणसाने सपाट रस्त्यावर, वारा पाठीमागून असताना मोजलेलं असावं. माझं जाणं-येणं त्याच्या निम्मंच होतं, पण माझा रस्ता सपाट नव्हता आणि मीही नव्हतो. मी पुढचा रस्ता बघेनासा झालो. ऑफिसात साहेबांकडे पाहिलं तरी त्यांच्या कपाळावर मला हिरवा आकडा दिसायचा. जेवणाच्या सुट्टीआधी ते बारा टक्क्यांवर येत. मी त्या वेळी त्यांच्यापुढे कागद ठेवत नसे. तंद्री माझी अजून लागायची, पण आता तिच्यातसुद्धा आकडे उतरत जायचे आणि मी कुठल्यातरी न संपणाऱ्या चढावर असायचो.

पूल मध्ये सपाट आहे, पण दोन्ही टोकांना चढ आहे. तिथे आकडे भराभर उतरत, आणि नेमकी तिथेच बायकोची गोष्ट रंगात येत असे. तिचं एक वाक्य, एक टक्का खाली. दुसरं वाक्य, दुसरा टक्का. माणसाचं डोकं एकदा फिरलं की त्याला कशातही नातं दिसतं. एका सकाळी मी म्हणालो, "जरा थांब. चढ आहे. आत्ता बोलू नकोस."

ती थांबली. चढ संपला तरी थांबलेलीच राहिली. मला वाटलं, किती समजूतदार बायको आहे.

त्याच संध्याकाळी मेगावॉटांनी मला गॅलरीखाली उभं करून विद्युत वाहनावर व्याख्यान दिलं. टायरात हवा चोख हवी, वेग बेताचा हवा, आणि मुख्य म्हणजे वजन. वजन म्हणताना त्यांनी आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, ते कमी होण्यातलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते म्हणाले, "एकट्याने जाऊन बघा एकदा. दवाखान्याचा वळसाही वाचेल. वहिनींना बस आहे की थेट."

बायकोला 'तुझं वजन होतं' असं सांगणारा माणूस अजून जन्मायचाय. मी वळणावळणाने गेलो. बसचा थांबा कसा फाटकासमोरच आहे, त्या वेळापत्रकावर मी स्वतः किती मेहनत घेतलीय, बसमध्ये ऊन लागत नाही, मेगावॉटसुद्धा म्हणत होते की दोन माणसं म्हणजे बॅटरीवर जरा ताण पडतो.

"बरं," ती म्हणाली.

बस्स, एवढंच. मी तासभर भांडणाची तयारी करून गेलो होतो, ती सगळी वाया गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती बसने जाऊ लागली आणि माझ्या गाडीला टक्केच टक्के उरू लागले. संध्याकाळी घरी यायचो तरी आकडा चाळिसाच्या वर. हे यश कोणाला तरी सांगावं म्हणून मी मान मागे वळवायचो आणि मागे सीट असायची. बॅटरी वाचावी म्हणून मी इतका सावकाश जायचो की फिरायला निघालेले एक गृहस्थ पुलावर माझ्याशी गप्पा मारत बरोबरीने चालत. नदीवर धुक्याचा पातळ पडदा असायचा, पाणी हललं तरी आवाज यायचा नाही, आणि मला वाटायचं की आपण झोपेतच आहोत, ऑफिस वगैरे काही नाही, हा पूल संपतच नाही.

अशात एका सकाळी मागून बस आली. माझीच बस, मीच आखलेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर. खिडकीशी बायको बसली होती. शेजारच्या बाईला काहीतरी सांगत होती, हातवारे करून, आणि ती बाई डोळे पुसत हसत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. बस निघून गेली आणि मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. ती काय सांगत होती ते मला हवं होतं. फळा पाठ असलेल्या म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं, त्या बाईला कळलं होतं आणि मला नव्हतं.

आता सरळ मनाचा माणूस घरी जाऊन म्हणाला असता, चल, उद्यापासून परत माझ्याबरोबर. पण मी नवरा होतो आणि वर सरकारी पद्धतीचा. मी प्रस्ताव तयार केला. 'पुलावरील सकाळचे धुके विचारात घेता सदर बस दहा मिनिटे आधी सोडणे श्रेयस्कर.' साहेब बारा टक्क्यांवर असताना तो त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सही केली. बेत असा की बायकोची बस चुकेल, ती थांब्यावर उभी असेल, मी योगायोगाने तिथून जाईन आणि सहज म्हणेन, "बस गेली वाटतं? चल, सोडतो." तो 'चल' कुठल्या सुरात म्हणायचा याचा मी आरशासमोर सरावही केला होता.

त्या सकाळी मी फाटकाबाहेर आलो तर थांब्यावर ही गर्दी. सगळ्यांची बस चुकली होती. मेगावॉट होते, सेक्रेटरी होते, खालच्या मजल्यावरची दोन कुटुंबं होती. नव्हती ती फक्त बायको.

"वहिनी गेल्या की," मेगावॉट म्हणाले. "त्या खिडकी मिळावी म्हणून फार आधी येऊन उभ्या राहतात. बस आज लवकर आली, त्या एकट्याच चढल्या, मी गॅलरीतून पाहिलं."

मी काही बोलायच्या आत सेक्रेटरी पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या सीटवर बसले. विचारलं वगैरे काही नाही. गाडी मागून हातभर खाली गेली. "चला," ते म्हणाले, "ऑफिसच्या बाजूलाच जायचंय मला. मागची जागा रिकामीच आहे ना?"

ते सबंध वाट बोलत होते. पाण्याची टाकी, थकलेली वर्गणी, जिन्यात चपला ठेवणारे लोक. चढावर तर त्यांना विशेष चेव आला. हिरवे आकडे डोळ्यांसमोर ढासळत होते आणि मी एक शब्द बोललो नाही, कारण सेक्रेटरींना गप्प बसा म्हणण्याची माझी हिंमत नव्हती. उतरताना ते म्हणाले, "गाडी छान आहे. पण चार्जिंगचं बघा बुवा, सोसायटीत काही सोय नाही."

ऑफिसात पोचेपर्यंत मेगावॉटांचा फोन साहेबांना येऊन गेला होता. साहेबांनी मला बोलावलं, खिडकीचा पडदा सारला आणि स्वच्छ उन्हाकडे बोट दाखवून विचारलं, "धुकं कुठाय?" मी म्हटलं, साहेब, ते विरलं. बस पूर्ववत झाली. त्याच बैठकीत मी गाडी चार्ज करायला पाणी थंड करायच्या यंत्रामागचं सॉकेट मागितलं, ही माझी चूकच. साहेब म्हणाले की धुक्याच्या दिवशी बघू.

संध्याकाळी गाडीत तीस टक्के होते. सरळ घरी गेलो असतो तर पोचलो असतो, हे मी तीनतीनदा मांडून पाहिलं होतं. दवाखान्याकडे वळलो तर पोचणार नव्हतो. वळणाशी आलो, थोडा वेळ उभा राहिलो, मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले, आणि मी वळलो.

बायको दवाखान्यासमोरच्या थांब्यावर उभी होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असेल तर ते तिने दाखवलं नाही.

"मेगावॉट आले होते दुपारी, डोळे दाखवायला," ती म्हणाली. "सेक्रेटरी तुमच्या मागे बसून गेले म्हणे."

"ते आपणहून बसले."

"त्यांचं वजन चालतं?"

मी गाडीचा आरसा उगाच सरळ केला.

"बोलत होते का ते?"

"सबंध वाट."

"आणि चढावर?"

मी मान खाली घातली. ती रस्त्याकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जुन्या गाडीवर तुम्हाला काही ऐकू जायचं नाही हे मला ठाऊक होतं. तरी मी बोलायची. बिनआवाजाची घ्या म्हटलं ते त्याचसाठी. चार दिवस ऐकलंत, मग म्हणालात बोलू नकोस, आणि त्याच संध्याकाळी बसचं काढलंत. मला वाटलं, आता ऐकू यायला लागलं ते नको झालं असेल."

इतके दिवस मी टक्के मोजत होतो आणि ही बाई मनात हे घेऊन खिडकीशी बसत होती. मी म्हटलं, "नाही गं." एवढंच म्हणता आलं. मग जे कोणालाही सांगायचं नाही असं ठरवलं होतं तेही सांगून टाकलं. "आज सकाळी बस लवकर आली ना, ती मी आणवली. तुझी चुकावी म्हणून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला मागे बसवायला तुम्ही अख्खी बस हलवलीत? नुसतं चल म्हणता येत नव्हतं?"

"चल," मी म्हटलं. सराव केला होता तो सूर काही लागला नाही.

तिची बस आली, दार उघडून उभी राहिली आणि निघून गेली. ती माझ्या मागे बसली. आम्ही मुख्य रस्त्याला लागलो, पुलावर आलो. दिवे नुकतेच लागत होते, नदी पार जांभळी झाली होती. "किती आहे?" तिने मागून विचारलं. मी म्हटलं, तीन. "पोचू का?" मी म्हटलं, नाही. तिने माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. चढ संपला, आणि पुलाच्या पार मधोमध गाडी कुठलाही आवाज न करता थांबली. थांबली हेसुद्धा मला कठडा सरकेनासा झाला तेव्हा कळलं.

ती उतरू लागली. "चालते मी. वजन होईल."

"बस," मी म्हटलं. "तू पुढे सरक आणि हँडल धर फक्त."

मी मागे गेलो, गाडीला दोन्ही हात लावले आणि ढकलू लागलो. आजूबाजूने माझ्या विभागाच्या बस जात होत्या, आणि बहुतेक सगळे प्रवासी खिडकीला नाक लावून आम्हाला बघत होते. सेक्रेटरीही असतील त्यांत. असू देत. थोडं पुढे गेल्यावर मी धापा टाकत विचारलं, "त्या फळा पाठ असलेल्या म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं?"

ती थोडी मागे वळली आणि सांगू लागली. म्हातारे आले होते, बरोबर त्यांची बहीण होती, तिलाही तो फळा पाठ होता, त्यावरून दवाखान्यात दोघांचं कसं भांडण जुंपलं, मध्ये डॉक्टर कसे पडले. मी ढकलत होतो आणि ऐकत होतो. पूल संपत आला, उतार लागला, पलीकडे आमच्या इमारतीच्या खिडक्या दिसायला लागल्या. उताराने गाडी हलकी झाली तसा मला जोर आला आणि मी पावलं भरभर टाकू लागलो.

तेव्हा तिने दोन्ही ब्रेक दाबले.

"अहो, सावकाश ढकला," ती म्हणाली. "घर आलं की. बहिणीचं अजून सांगायचंय."